पुऱ्या बाह्यांची दिवाळी

आबांचा जुना सदरा वाऱ्यानं माझ्या हातातून ओढून नेला आणि नेकनूरच्या सहकारी सोसायटीच्या ओसरीवर बसलेल्या शिंप्याच्या डोक्यावर नेऊन टाकला. आमची पहिली भेट ही अशी झाली.

दुसरा कुणी असता तर खवळला असता. त्यानं सदरा शांतपणे डोक्यावरून काढला, उलटासुलटा करून पाहिला, काखेतली शिवण जराशी ताणली, आणि मग माझ्याकडं न बघताच म्हणाला,

"कापड चांगलं हाय अजून. काय शिवायचं ह्याचं?"

मी हसायला हवं होतं. पण त्या दिवशी नेकनूरच्या बाजारात दोन शिंप्यांनी मला वाटेला लावलं होतं. दिवाळी तोंडावर आलेली, आणि ही पोरगी जुन्या कपड्यांचं गाठोडं घेऊन फिरते, म्हणून एक जण तर दुकानातल्या गिऱ्हाइकांदेखत हसला होता. त्यामुळं मी तोऱ्यातच सदरा मागितला.

"द्या इकडं. तुमाला जमायचं न्हाई."

"ते खरं," तो म्हणाला. "काय हाय तेच माहीत न्हाई, तर जमणार कसं..."

आता त्यानं वर पाहिलं. सावळा, सडपातळ, कानामागं खडू खोचलेला. डोळ्यांत हसू होतं, पण ते मला हसणारं नव्हतं. एवढा फरक मला कळला, आणि मी ओसरीच्या पायरीवर बसले.

ते शहाऐंशी साल. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. बाजरी हातभर वाढून जळाली, विहिरीत खाली उतरून वाटीनं पाणी भरावं लागायचं. आबांनी, म्हणजे माझे वडील आप्पाराव यांनी, घटस्थापनेलाच सांगून टाकलं होतं, की या दिवाळीला घरात कुणालाच कापड नाही आणि त्यावर पुन्हा बोलणं नाही. दिवाळी झाली की घर नेहमीसारखं ऊस तोडायला कारखान्यावर जाणार. आबा, माय, माझा भाऊ, तुळजा वैनी आणि या वर्षी तिचं सहा महिन्यांचं बाळसुद्धा. मी तेवढी मागं, कडूआत्याकडं. शाळेसाठी मला मागं ठेवायचे. आता मॅट्रिक होऊनही वर्ष झालं होतं आणि माझं पुढं काय करावं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. दर उन्हाळ्यात माय परत यायची, तेव्हा तिचे हात मनगटापासून कोपरापर्यंत ओरखड्यांनी भरलेले असायचे. उसाची पात पात्यासारखी कापते. हाताला चिंध्या बांधल्या तर दुपारपर्यंत त्या घसरून पडतात. आबांच्या मानेवर मोळ्या वाहून वाहून घट्टा पडलेला. भावाची कंबर धरलेली. नवं कापड नव्हतं ते नव्हतं, पण प्रत्येकाला त्याच्या दुखण्यावर फुंकर घालील असं काहीतरी दिवाळीला द्यायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. घरातल्याच जुन्या कपड्यांतून. मागून आणल्यासारखं दिसता कामा नये, आणि कुणाचे उपकारही नकोत.

हे सगळं मी त्या अनोळखी शिंप्याला का सांगितलं, देव जाणे. तो मशीनच्या चाकावर हात ठेवून ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं, की माय उजव्या हातानं तोडते का डाव्या.

"कावून?" मी विचारलं.

"ज्या हातात कोयता, ती बाही सैल पायजे. नाय तर पहिल्याच दिवशी काखेत उसवंल."

त्याचं नाव उत्तरेश्वर. गेवराईकडच्या चकलांब्याचा. लहानपणी तोही आईबापाबरोबर उसाच्या फडात वाढलेला. आई गेल्यावर त्यानं कोयता ठेवला आणि बीडला एका दुकानात शिवणकाम शिकला. मशीन चालवणं हे बायकांचं काम, असं म्हणून बापानं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. नेकनूरच्या सोसायटीनं त्याला ओसरी दिली होती आणि शाळेच्या पोरांचे सदरे शिवायचं काम दिलं होतं. तेवढंच काय ते. दिवाळीचं म्हणून एकही गिऱ्हाईक त्याच्याकडं आलं नव्हतं. शेतात पिकलं नाही, तर कापड कोण फाडणार?

मी उभी राहिले आणि स्पष्टच सांगितलं, की माझ्याकडं पैसे नाहीत. पण मला काजं-बटनं चांगली येतात. त्यानं माझं शिवावं, मी त्याच्या शाळेच्या सदऱ्यांची काजं-बटनं करीन. बरोबरीचा सौदा असेल तर हो, नाही तर मी चालले.

त्यानं सदऱ्यांच्या ढिगाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"मला बटनांचा लई कटाळा हाय," तो म्हणाला. "उद्यापासून या."

कडूआत्याला सोबत घेऊन मी रोज यायला लागले. आत्या ओसरीच्या खांबाला टेकून वाती वळायची, आणि वळता वळता डुलक्या घ्यायची. मी एका टोकाला काजं करायची, तो दुसऱ्या टोकाला मशीन चालवायचा. मधे सदऱ्यांचा ढीग. तो ढीग रोज थोडा थोडा खाली यायचा आणि आम्ही एकमेकांना थोडे थोडे जास्त दिसायचो...

मायच्या हाताचं माप हवं होतं. मी म्हटलं, माय माझ्याच अंगलटीची आहे. त्यानं गळ्यातली टेप काढली, क्षणभर तशीच हातात धरली, आणि मग ती मशीनवर ठेवून पाठमोरा झाला.

"तुमीच मोजा. आकडा सांगा, मी लिहितो."

मी खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावली. वाऱ्यानं धूळ उडत होती, समोरच्या कडुनिंबाची वाळकी पानं ओसरीत येत होती, आणि त्याच्या पाठीकडं बघत आकडा सांगताना माझाच आवाज मला वेगळा वाटला.

"कोपर वाकवून मोजलं का?" त्यानं तसंच विचारलं.

मोजलं नव्हतं. मग त्यानं लाकडी पट्टी माझ्या हातात दिली आणि सांगितलं, की हा कोयता समजा, आणि माय ऊस कसा तोडते ते करून दाखवा. मी इकडं तिकडं पाहिलं. आत्या डुलत होती. मी पदर खोचला, वाकले आणि बुडातून एक ऊस तोडला. मग दुसरा. मग पाचोळा सोलला, शेंडा उडवला. तिसऱ्या उसाला पट्टी हातातून सुटली आणि आत्याच्या वातींच्या ताटात जाऊन पडली. आत्या दचकून उठली. आम्ही दोघं एवढे हसलो, की आतून सोसायटीचा सेक्रेटरी बघायला बाहेर आला.

"फड लई मोठा दिसतोय," उत्तरेश्वर डोळे पुसत म्हणाला. "पर तोडणारी हुशार हाय."

"तोडणारी न्हाई मी," मी म्हटलं. "काजं-बटनंवाली हाय."

"तेच म्हणतो... आमच्या कामाची."

मी मान खाली घातली. त्या दिवशी एक काज वाकडं गेलं, ते उसवून पुन्हा करावं लागलं.

हळूहळू गाठोड्यातून वस्तू निघू लागल्या. आबांच्या सदऱ्यांतून मायसाठी लुगड्यावरून घालायचा अंगरखा – पुऱ्या बाह्या, मनगटाला नाडी, काखेत जादा कापडाची चौकट. आबांना जुन्या वाकळीचा कापूस भरलेली टोपी, मागून मानेवर आणि खांद्यांवर उतरणारी, म्हणजे मोळी डोक्यावर घेतली तरी पात मानेला लागायची नाही. भावाला कमरेचा रुंद पट्टा आणि त्याला कोयता घासायची कानस ठेवायला खिसा. वैनीला बाळासाठी मायच्या जुन्या लुगड्याची झोळी. तिला माझ्या जुन्या ओढणीचं झाकण लावायचं मी सुचवलं, म्हणजे फडात माशा बसायच्या नाहीत. उत्तरेश्वर म्हणाला, हे त्याला सुचलं नसतं. मला दिवसभर ते पुरलं.

पण घरी वेगळंच शिजत होतं. आबांच्या टोळीचे मुकादम मोहनराव एका संध्याकाळी आले आणि त्यांनी पुतण्यासाठी, मुंजाजीसाठी, मला मागणी घातली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या गड्याला कुणी विचारत नाही. मुंजाजीला टोळीत घ्यायचं तर निघायच्या आत त्याचं लग्न व्हायला हवं होतं. मोहनराव म्हणाले, हुंडा नको, मानपान नको, मंडप आमचा. पाडव्याला उत्तर द्या.

मुंजाजी वाईट नव्हता. मोहनराव तर आबांचे जुने मुकादम, आणि असल्या दुष्काळात मुकादमाला नाही म्हणणं म्हणजे टोळीतली जागा गमावणं. मायनं माझ्याकडं पाहिलं आणि नजर चुलीकडं वळवली. मी त्या रात्री जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर मी वर न बघता काजं करत होते. त्यानं दोनदा विचारलं, मी दोनदा काही नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही, नुसतं मशीन थांबवलं. मग मी सांगितलं. तो बराच वेळ सुईत दोरा ओवत बसला. सुईत दोरा आधीच होता.

"पोरगा चांगला असंल तर..." तो म्हणाला.

"चांगलाच हाय," मी म्हटलं. "पर त्याला मी कशाला पायजे, ते मला ठाव हाय. तुमाला ठाव हाय का, मी कशाला पायजे?"

हे मी काय बोलून गेले, ते बोलल्यावर कळलं. आत्या जागी होती. मी सदरा उचलला आणि बटन लावू लागले, आणि ते चुकीच्या बाजूला लावलं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी सगळं शिवून झालं. गाठोडं बांधल्यावर मी त्याच्यासाठी आणलेली वस्तू काढली. दुपारनंतर ओसरीत ऊन शिरायचं, थेट त्याच्या डोळ्यांवर यायचं, आणि तो एक डोळा मिटून शिवत बसायचा. सगळ्या कपड्यांच्या उरलेल्या कातरणांतून मी घरी हातशिलाईनं पडदा जोडला होता. आबांच्या सदऱ्याचा निळा, मायच्या लुगड्याचा हिरवा, ओढणीचा पिवळा. मी तो खांबांच्या मधे बांधला. त्याच्या चेहऱ्यावर सावली आली.

तो उठला. पडद्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"माय गेल्यापासून मला दिवाळीला कुणी काय दिलं न्हवतं," तो हळूच म्हणाला. मग खिशातून त्यानं कागदाची पुडी काढली. "मी बी आणलतं... पर तुमी घेणार न्हाई म्हणून देत न्हवतो."

पुडीत शिवताना बोटात घालायचं पितळी टोपण होतं. माझ्या बोटांना टोचल्याच्या खुणा त्यानं कधी पाहिल्या, ते मला कळलंच नव्हतं.

"आमच्या घरात बाहेरच्याकडून काय घेत न्हाईत," मी म्हटलं.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "बाहेरचा ऱ्हायचं न्हाई, असं ठरवलंय मी. तुमचं काय ते तुमी ठरवा."

मी टोपण बोटात घातलं. ते बरोबर बसलं. मी गाठोडं उचललं, आणि घरापर्यंतची सगळी वाट कडूआत्या काहीबाही बोलत होती, त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही.

पाडव्याच्या सकाळी मायनं आबांना ओवाळलं. ओवाळणीत घालायला आबांकडं काही नव्हतं. त्यांनी ताटाला नुसता हात लावला. माय म्हणाली, असू द्या, पुढल्या साली. तेव्हा मी गाठोडं आणून त्यांच्यापुढं सोडलं.

वैनीनं बाळाला तिथंच झोळीत घातलं आणि झाकण उघडझाप करत बसली. भावानं पट्टा बांधला, वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला. मायनं अंगरख्यात हात घातले, नाडी ओढली, आणि दोन्ही हात समोर धरून त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं बाहीनंच डोळे पुसले.

आबांनी टोपी हातात घेतली, पण घातली नाही.

"शिवलं कुणी?"

"सोसायटीच्या ओसरीवरच्या शिंप्यानं."

"फुकट?" त्यांचा आवाज चढला. "लोकाच्या उपकाराची टोपी घालून मी फडात उभा ऱ्हाऊ?"

"फुकट न्हाई, आबा," मी म्हटलं. "त्याच्या सगळ्या सदऱ्यांची काजं-बटनं मी केलीत. त्याचं माझ्याकडं काय न्हाई, माझं त्याच्याकडं काय न्हाई."

यातलं शेवटचं वाक्य खोटं होतं, पण ते आबांना कळलं नाही. मायला कळलं.

आबांनी टोपी डोक्यावर चढवली. मानेवरची पट्टी नीट केली. आणि आमचे आबा, जे बारशाच्या पेढ्यांसारखं कौतुकही मोजूनमापून वाटायचे, ते तशीच टोपी घालून पाराकडं चालू लागले. सणाच्या दिवशी. सगळी वस्ती बघत होती. ज्यानं विचारलं त्याला ते थांबून सांगत होते, की ही माझ्या विमलनं केलीय.

दुपारपर्यंत दारात बायका जमल्या. जिच्या तिच्या हातात नवऱ्याचा जुना सदरा. मायचा अंगरखा या अंगावरून त्या अंगावर फिरत होता. आणि त्याच वेळी उत्तर घ्यायला मोहनराव आले. बायका बाजूला झाल्या. आबांनी त्यांना घोंगडीवर बसवलं, पाणी दिलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाले,

"मोहनराव, मुंजाजी गुणाचा पोरगा हाय. पर त्याला बायको नकोय, अर्धा कोयता पायजे. माझी लेक कुणाचा अर्धा कोयता व्हायची न्हाई. टोळीत घ्यायचं तर घ्या, न्हाई तर दुसरा मुकादम बघू."

मोहनराव आबांच्या टोपीकडं बघत होते. राग त्यांच्या चेहऱ्यावर आला, थांबला. मग त्यांची नजर बायकांच्या हातांतल्या सदऱ्यांवर गेली. पाण्याचा तांब्या खाली ठेवून ते म्हणाले, की आप्पारावसारखा गडी सोडायला आपण काही खुळे नाही. आणि मला विचारलं, की निघायच्या आत टोळीतल्या सगळ्या बायकांच्या बाह्या होतील का.

"होतील," मी म्हटलं. "मजुरी रोख लागंल."

भावाचा हसू दाबल्याचा आवाज आला.

माझा निरोप मिळताच भाऊबीजेला उत्तरेश्वर मशीनच डोक्यावर घेऊन वस्तीवर आला. आमच्याच दारात त्यानं ते मांडलं. मी कापायची, तो शिवायचा, वैनी नाड्या ओवायची. संध्याकाळी शेवटची बाही झाल्यावर त्यानं हात धुतले, आबांसमोर जाऊन बसला आणि मला मागितलं. मोहनरावही तिथंच होते.

आबांनी त्याला बारकाईनं न्याहाळलं. विचारलं, की कोयता धरशील का. तो नाही म्हणाला. विचारलं, बाप येईल का लग्नाला. तो म्हणाला, "उद्या चकलांब्याला जातो. पाया पडतो. आला तर भाग्य, न्हाई आला तर पुन्हा जाईन."

"आन् माझी लेक तुझी काजं-बटनं करत ऱ्हाईल?"

"न्हाई," तो म्हणाला. "ती कापील. तिचा हात माझ्याहून सरस हाय. सेक्रेटरी म्हणत्यात, बायांची शिलाई सोसायटी काढू. तिचं नाव पयलं टाकायला सांगितलंय."

आबा उठून आत गेले. मायशी काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. बाहेर येऊन म्हणाले, आम्ही उन्हाळ्यात परत आलो की कपिलधारच्या देवळात लग्न लावू. तोवर ती आत्याकडं. तुझं वागणं आत्या बघंल.

दोन दिवसांनी कारखान्याचा ट्रक आला. मागचा फाळका उघडला, बैलं चढली, संसार चढले, बायका चढल्या. सगळ्यांच्या हातांवर पुऱ्या बाह्या. माय फाळक्यावरून वाकली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. ट्रक वळणाआड गेला, तरी धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

चकलांब्याहून परतलेला उत्तरेश्वर सकाळपासून तिथंच उभा होता. बाप दुसरं काही बोलला नव्हता, पण बैस म्हणाला होता. एवढं सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. आत्या पुढं गेली, आम्ही मागं चाललो. मी त्याच्याकडं बघेना, तेव्हा त्यानं विचारलं, चुकलं का काही.

"तुमी आबांना इचारलंत," मी म्हटलं. "मुकादमापुढं इचारलंत. मला कुठं इचारलंत?"

तो वाटेतच थांबला. वारा पडला होता. त्यानं कानामागचा खडू काढला, उगाच बोटांत फिरवला.

"विमल... जिमीन न्हाई माझ्याकडं. घर न्हाई. मशीन हाय, तेबी दुसऱ्याच्या ओसरीत. पर रोज सकाळी तुमी पायरीवर दिसलात की मला वाटतं, आपलं लई हाय. माझ्याशी लगीन कराल का?"

उत्तर माझ्याकडं केव्हाचं तयार होतं. पण ते ओठांवर येईना. मी तशीच चालत राहिले, तो बिचारा मागं मागं. घरी पोचलो तर आत्या परात घेऊन भाकरी थापायला बसली होती. तो बाहेर उंबऱ्याशीच अडखळला. आत यावं का जावं, ते त्याला कळेना.

मी पाट मांडला, ताटं काढली, आणि आत्याला म्हटलं,

"आत्या, ह्यांना बी वाढ. सकाळपासून उपाशी हायेत."

परातीतला आत्याचा हात थांबला. हे, ह्यांना... नाव न घेता असं बायको नवऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाला म्हणते का? मला बोलल्यावर कळलं, आणि मी तो शब्द परत घेतला नाही. उंबऱ्यात उभ्या माणसाचे कान लाल झाले होते.

आत्यानं भाकरी तव्यावर टाकली, पिठाचे हात झटकले आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"मग बघत काय बसलीस? गाडग्यातला गूळ काढ. जावई पयल्यांदाच जेवायला आलाय."